भात्यावरचा मंत्र

बालाघाटच्या डोंगरात, जिथे गाडीवाट संपून नुसती पायवाट उरते, तिथे घोडगव्हाण नावाचे गाव वसले होते. गावाच्या वरच्या अंगाला महादेवाचे जुने देऊळ, देवळासमोर थोरला पिंपळ, आणि देवळापासून हाकेच्या अंतरावर श्रीसुखनाथ महाराजांचा मठ. मठ कसला, शेणाने सारवलेली एक पडवी आणि पुढे अंगण. महाराज कुठून आले हे गावाने कधी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. आले, पिंपळाखाली बसले, लोकांनी भाकरी आणून दिली, आणि बघता बघता घोडगव्हाण हे महाराजांचे गाव झाले. ज्याला तळमळ असेल त्याला महाराज एकच मंत्र देत, ‘नमः शिवाय’. पाटलाला तोच, गुराख्यालाही तोच. भक्तहो, त्या मठातली ही एक गोष्ट मन शांत करून ऐका.

गावात हौसाबाई नावाची लोहारीण होती. नवरा ऐन उमेदीत गेला. पोटी मूलबाळ नाही. दीर सोपान याच्या भट्टीवर ती भाता ओढायची आणि दोन वेळचे खायची. मनाने वाईट नव्हती, पण तोंडाने फार तिखट. नवरा गेल्यापासून तर तिच्या जिभेला नुसती धार चढली होती. विळ्याला पाणी द्यायला आलेला शेतकरी आधी हौसाबाई कुठे आहे ते बघायचा आणि मगच भट्टीच्या सावलीला यायचा. रागाच्या भरात तिने सोपानवर चिमटा फेकला होता. तोही एकदा नव्हे. सोपान गरीब स्वभावाचा. चिमटा उचलायचा, फुंकर मारायचा आणि कामाला लागायचा.

एकदा अशाच एका भांडणानंतर ती मठात येऊन रडत बसली. म्हणाली, “महाराज, माझं मलाच सोसवंना. काहीतरी द्या.”

महाराजांनी तिला मंत्र दिला आणि गळ्यात रुद्राक्षाची माळ घातली. तिने विचारले, बसायचे कधी? पहाटे भट्टी पेटवायची, दिवसभर भाता, रात्री अंग टाकले की झोप. महाराज हसले. म्हणाले, “भाता कसा ओढतेस ते सांग.”

ती म्हणाली, “दोरी ओढली की भाता फुगतो. सोडली की वारा भट्टीत जातो.”

“मग ओढताना ‘नमः’ म्हण, सोडताना ‘शिवाय’. तुझं आसन तेच.”

त्या दिवसापासून हौसाबाई भात्यावर मंत्र म्हणू लागली. सुरुवातीला ओठ हलवून, मग मनातल्या मनात. पुढे पुढे म्हटला की नाही हेही तिच्या ध्यानात राहीनासे झाले. दोरी ओढावी, सोडावी, निखारा फुलावा, दिवस मावळावा. अशी वर्षे लोटली, एक तप उलटले.

महाराजांच्या भक्तांत व्यंकटराव देशमुख हे मोठे प्रस्थ होते. शेतीभाती उदंड, वाचन भरपूर, आवाज खणखणीत. त्यांनी मंत्र घेतला तो साऱ्या गावाला कळवून. पहाटे स्नान, रेशमी सोवळे, मृगाजिन, समोर समई. त्यांचा जप चालू असला की वाड्यातल्या बायकांनी भांड्याचा आवाज करायचा नाही. झालाच तर ताट भिरकावले जायचे आणि घरातली सून भिंतीशी चिकटून उभी राहायची. पण बाहेर आले की व्यंकटराव भुवयांच्या मध्ये बोट ठेवून सांगायचे, आज इथे निळा प्रकाश दिसला. काल शंखनाद ऐकू आला. परवा देवघरात चंदन नसताना चंदनाचा वास सुटला. लोक ऐकत आणि हात जोडत. कुणाला खरेच वाटे, कुणाला नुसते गप्प बसणे सोयीचे वाटे.

मठाची एक रीत होती. महाशिवरात्रीला सकाळी सगळे शिष्य पडवीत जमायचे आणि वर्षभरात जपाचा काय अनुभव आला ते एकेकाने महाराजांपुढे सांगायचे. त्या वर्षी महाराज अजून ओढ्यावर स्नानाला गेलेले होते. मंडळी जमली होती. व्यंकटराव मधोमध बसले होते. त्यांचे मोठे पुरश्चरण पुरे झाले होते आणि दुपारी देवळासमोर त्याचा होम व्हायचा होता. वेळ जावा म्हणून त्यांनी मंडळींना आपापला अनुभव आधीच सांगायला लावला. कुणी म्हणाला स्वप्नात नंदी आला. कुणी म्हणाला जपाला बसले की डोळे भरून येतात. बोलता बोलता व्यंकटरावांची नजर खांबाआड बसलेल्या हौसाबाईकडे गेली.

“का गं हौसा, तू कधीच काही सांगत नाहीस. तुला काय दिसतं?”

हौसाबाई घोंगडे सावरत म्हणाली, “मला काय दिसत न्हाई मालक.”

“प्रकाश?”

“न्हाई.”

“निखाऱ्याचा तरी दिसत असंल की,” व्यंकटराव म्हणाले, आणि पडवीत हशा पिकला. “आवाज काही? नाद?”

“भात्याचा फुसफुस आवाज येतो तेवढाच. आन् रात्री माळ घेऊन बसले तर झोप लागती.”

आता तर लोक पोट धरून हसले. व्यंकटरावही हसले. मग एकाएकी गंभीर झाले आणि ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, “हसण्यावारी नेऊ नकोस बाई. शास्त्र असं आहे की एक तप जपूनही जो मंत्र फळत नाही तो परत करावा. नाहीतर नापीक जमिनीत बी टाकल्याचा दोष देणाऱ्याला लागतो. महाराजांच्या माथ्यावर कशाला ओझं ठेवतेस?”

बाकीचे सगळे हौसाबाईने सहज गिळले असते. झोपाळू म्हणा, अडाणी म्हणा. पण आपल्यामुळे महाराजांना दोष लागतो हे शब्द तिच्या काळजात रुतले. एरवीची हौसा असती तर व्यंकटरावांच्या सात पिढ्या तिथेच उद्धरल्या असत्या. पण ती काही बोलली नाही. उठली, आणि ओढ्याच्या वाटेने चालू लागली. वाटेत तिने गळ्यातली माळ काढली आणि पदराच्या गाठीत बांधली. इतकी वर्षे अंगावर असलेली वस्तू. मान एकदम उघडी पडल्यासारखी वाटली. तिला आठवत होते, नवरा गेला त्या दिवशी मणी तुटले तेव्हाही मान अशीच उघडी वाटली होती.

महाराज स्नान करून वर येत होते. हौसाबाईने वाटेतच पाय धरले आणि म्हणाली, “महाराज, मंत्र परत घ्या. मला तो लागला न्हाई. तुम्हाला दोष नको.”

महाराजांनी तिच्या पदराच्या गाठीकडे पाहिले. कोणी काय सांगितले, केव्हा सांगितले, काही विचारले नाही. म्हणाले, “द्यायचा तर दे. पण आत्ता नको. होम होऊ दे, मग दे.”

“बरं.”

“आणि ते घोंगडं घरी टाकून येऊ नकोस.”

ऊन चढू लागले होते. पहाटेच्या गारठ्यासाठी आणलेले घोंगडे आता दुपारी कशाला, हे हौसाबाईला कळेना. पण महाराजांनी सांगितले ते सांगितले. तिने घोंगडे खांद्यावर टाकले आणि देवळाकडे गेली. तिच्या मनात एकच विचार घोळत होता. होम संपला की माळ महाराजांच्या पायाशी ठेवायची, घरी जायचे, आणि उद्यापासून भाता नुसताच ओढायचा. नुसता भाता कसा ओढतात हे तिला आठवेना.

आता पिंपळाची गोष्ट सांगायला हवी. त्या पिंपळावर दरवर्षी हिवाळ्यात आग्या मोहोळ बसत असे. सुपाएवढी काळी पोळी फांद्यांना लोंबायची. गाव त्यांना महादेवाची पाहुणी म्हणायचे. पाहुणी आहेत तोवर झाडाखाली विस्तव पेटवायचा नाही, धूर करायचा नाही, ही जुनी रीत सगळ्यांना ठाऊक होती. नैवेद्याची चूलसुद्धा देवळाच्या मागे मांडली जाई. व्यंकटरावांना मात्र होमकुंड देवाच्या अगदी समोर, पिंपळाच्या सावलीतच हवे होते. महाराजांनी आदल्या दिवशी निरोप धाडला होता की जरा उघड्यावर, खळ्यात मांडा. व्यंकटरावांनी निरोप आणणाऱ्याला सांगितले, “महाराजांना म्हणावं, काळजी नसावी. ज्याच्याभोवती मंत्राचं कवच आहे त्याला माशी काय करणार?”

होम सुरू झाला. गाव जमले. व्यंकटराव उघड्या अंगाने, रेशमी सोवळे नेसून कुंडापाशी बसले होते. तुपाची धार पडली, ओल्या समिधांतून धुराचा दांडगा लोट उठला आणि सरळ पिंपळात शिरला. आधी झाडात नुसती गुणगुण झाली. जाणती माणसे वर बघू लागली. मग वीज पडावी तसा आवाज करत ते सगळे मोहोळ खाली उतरले.

एका क्षणात देवळापुढचा माळ रिकामा झाला. कोणी गाभाऱ्यात शिरले, कोणी ओढ्यात उड्या टाकल्या. बायकांनी पोरांना पदराखाली घेऊन मठ गाठला. व्यंकटरावही उठून पळाले. पण सोवळ्याचा सोगा पायात अडकला आणि ते कुंडाजवळच तोंडावर आपटले. उघड्या अंगावर माश्या तुटून पडल्या. त्यांच्या तोंडून मंत्र काही निघाला नाही. ते आई गं, आई गं म्हणून लोळत होते आणि जितके लोळत तितक्या माश्या चवताळत.

हौसाबाई देवळाच्या भिंतीपर्यंत पोचली होती. दार दोन पावलांवर होते. आत जागा होती, माणसे तिला हाका मारत होती. तिने मागे वळून पाहिले, आणि पाहिल्यावर ती आत गेली नाही. आली तशी मागे धावली, खांद्यावरचे घोंगडे व्यंकटरावांवर टाकले, कडा मुडपून अंगाखाली सरकवल्या, आणि आपण त्यांच्यावर ओणवी झाली. तिची पाठ, हात, मान सगळे उघड्यावर. अंगावर ठिणग्या उडायची तिला सवय होती म्हणून हात हलले नाहीत, असे पुढे ती सांगायची. पण ठिणगी आणि आग्या मोहोळ यांत फार अंतर आहे, हे ज्याला एक माशी चावली असेल तोसुद्धा सांगेल.

माश्या तिच्या अंगावर बसल्या. हातांवर, मानेवर, कपाळावर बसल्या. तिच्या अंगाचा काळा रंग दिसेना, नुसती माश्यांची हलती चादर दिसत होती. देवळाच्या दारातून बघणाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. हौसाबाई हलली नाही. तिच्या मनात सकाळचा हशा नव्हता, माळ नव्हती, दोष नव्हता. हा माणूस मरता कामा नये, एवढेच होते.

तेवढ्यात तिकडे मठात वेगळेच चालले होते. मठात धावत आलेल्या बायकांनी पाहिले, की महाराज अंगणात उन्हाकडे पाठ करून शांत बसले आहेत. अंगणात एकही माशी नव्हती. तरी त्यांची पाठ मधूनमधून थरारत होती, आणि पाठीवर डंखाची एकेक गांध उठत होती. एका म्हातारीने घाबरून विचारले, महाराज हे काय? महाराज म्हणाले, “काही नाही बाई. पाहुणे आलेत. त्यांचा मान कोणीतरी राखायला हवा.”

घटकाभराने कुंडातला विस्तव विझला, धूर विरला. माश्या एकेक करून उठल्या आणि पिंपळावर परत गेल्या. माणसे भीत भीत बाहेर आली. सोपान सगळ्यांच्या पुढे होता. त्याने वहिनीला हात देऊन उठवले आणि तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले. एक काटा नाही, एक गांध नाही. त्याने मानेवरचा पदर बाजूला करून पाहिले. तिथेही काही नाही. तो लहान मुलासारखा रडू लागला. घोंगड्याखालून व्यंकटराव निघाले. पडल्याबरोबर बसले तेवढेच डंख त्यांना बसले होते. तोंड सुजले होते, एक डोळा मिटला होता. पण जीव वाचला होता. त्यांच्या म्हाताऱ्या आईने हौसाबाईला पोटाशी धरले आणि देवळापुढे जमलेल्या साऱ्या गावाने सुटकेचा निःश्वास टाकला.

सगळे मठात आले. महाराजांनी तोवर पाठीवर उपरणे घेतले होते. हौसाबाईने पदराची गाठ सोडली, माळ त्यांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, “झाला होम. आता तरी परत घ्या. आज तर पुरतं कळलं. एवढं संकट आलं, पण माझ्या तोंडात देवाचं नाव आलं न्हाई. मला मंत्र आठवलासुद्धा न्हाई, महाराज. ऐन वेळंला जो आठवत न्हाई तो मंत्र काय कामाचा?”

महाराज व्यंकटरावांकडे पाहत होते.

व्यंकटराव खांबाला टेकून बसले होते. त्यांना गप्प राहता आले असते. घोंगड्याखाली काय झाले ते दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते. हौसाबाईला स्वतःलाही नव्हते. त्यांनी मान खाली घातली. मग सुजलेल्या ओठांनी, प्रत्येक शब्द जड करत बोलले.

“हौसाबाई, तू खोटं बोलतेस.”

सगळे चमकले.

“म्हणजे तुला माहीत नाही,” व्यंकटराव म्हणाले. “मी खाली होतो. तुझी छाती माझ्या पाठीला टेकली होती. श्वास आत गेला की ‘नमः’, बाहेर आला की ‘शिवाय’. अगदी सावकाश, भात्यासारखं. एकदाही चुकलं नाही, घाईसुद्धा झाली नाही. मी एवढी पुरश्चरणं केली, मला मात्र आई आठवली. तुझ्या आधाराने मी मग तेच म्हणत पडलो. नाहीतर भीतीनेच मेलो असतो.”

हौसाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. “मी?” एवढेच ती म्हणाली.

महाराज म्हणाले, “बाळ, अन्न पचलं की ते पोटात आहे हे कळत नाही. न पचलेलंच कळतं. जोवर आपण मंत्र म्हणतो तोवर आठवावा लागतो. तो आपल्याला म्हणू लागला की कसला आठवणार?”

मग त्यांनी सोपानला विचारले, “काय रे, शेवटचा चिमटा केव्हा पडला तुझ्यावर?”

सोपानने डोके खाजवले. “ते कवाच बंद झालं की महाराज. मला वाटलं वहिनीचे हात दुखत असतील.”

पडवीत पुन्हा हसू फुटले, पण ते सकाळचे हसू नव्हते. हौसाबाईही हसली आणि हसता हसता रडली.

महाराजांनी माळ उचलून स्वतः तिच्या गळ्यात घातली. म्हणाले, “मंत्र परत करायचा असतो हे शास्त्र आम्ही कुठे ऐकलं नाही. व्यंकटराव, तुम्ही कुठे वाचलंत?”

व्यंकटराव उठले. “मी रचलं महाराज,” असे म्हणून ते पाया पडायला वाकले. त्यांना आवरायला महाराज पुढे झुकले, तसे त्यांच्या पाठीवरचे उपरणे सरकले आणि व्यंकटरावांना त्या गांधी दिसल्या. पाठीवर तीळ ठेवायला जागा नव्हती. हौसाबाईच्या अंगात एकही काटा का शिरला नाही ते त्यांना कळले. आपले कवच कोणते होते तेही कळले. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले आणि ते उचलले नाही. शेवटी महाराजांनीच त्यांना धरून उठवले, तेव्हा ते वळून हौसाबाईच्या पायांकडे वाकू लागले. ती घाईने मागे सरली आणि म्हणाली, “मालक, असं काय करता? आधी डंखांना चुना लावा.”

त्या दिवशी महाराजांनी मठाची जुनी रीत बदलली. आपला अनुभव आपण सांगायचा नाही, जवळच्या माणसाने सांगायचा. ज्याच्याबद्दल जवळचा गप्प राहील, त्याने आणखी वर्षभर जपावे. हौसाबाई मात्र हे ऐकायला थांबली नाही. भट्टीवर कुळवाची पास, म्हणजे लोखंडी पाते, तापवायची राहिली होती. ती घरी गेली, दोरी हातात घेतली आणि ओढली. माळ गळ्यात होती. मान उघडी वाटत नव्हती.

पुढल्या शिवरात्रीला मंडळी पुन्हा पडवीत जमली. एकेकाचे झाले. व्यंकटरावांची पाळी आली तेव्हा कोणीच बोलेना. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. व्यंकटराव खाली बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग बायकांच्या बाजूने त्यांच्या सुनेचा दबका आवाज आला.

“औंदा मामंजींनी एकदाबी ताट भिरकावलं न्हाई.”

महाराजांनी मान डोलावली. निळा प्रकाश, शंख, चंदन यांची गोष्ट त्या वाड्यातून पुन्हा कधी बाहेर आली नाही. व्यंकटराव देशमुखांनी दोन्ही हात जोडले, आणि सगळ्या गावासमोर, सुनेच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून, जमिनीला कपाळ टेकले.